अकराव्या रिळानंतर

चादर भिंतीवर ताणून झाली, चारही बाजूंनी काळ्या कापडाची पट्टी टाचून झाली, तरी ऑपरेटर स्टुलावरून उतरायला तयार नव्हता. पडद्याला काळी किनार नसेल तर चित्र बाहेर सांडतं, असं त्याचं म्हणणं. थिएटर पाडून तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्याला एकोणीस वर्षं झाली होती. पण कुठलीही चादर भिंतीवर चढली की तो बहात्तरचा चोवीस व्हायचा आणि मग कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

"अहो, उतरा आता," बायको खालून म्हणाली. "पडलात तर टाके घालायला मी नाही. मी रिटायर झालेय."

तिने सदतीस वर्षं वॉर्डात काढली होती, त्यामुळे घरात कुणालाही काही झालं की ती आधी ओरडायची आणि मग औषध द्यायची. खिडक्यांना तिने जाड पांघरुणं टांगली होती. दुपारचे दोन वाजले होते आणि खोलीत दिवेलागणीसारखं दिसत होतं.

मुलगी टेबलावर तिचा प्रोजेक्टर लॅपटॉपला जोडत बसली होती. ती दातांची डॉक्टर, रविवारी दवाखाना बंद. प्रोजेक्टर डब्याएवढा होता आणि ऑपरेटरने आल्यापासून त्याला 'डबी' हेच नाव ठेवलं होतं.

"आमचं मशीन दोन माणसांना हलायचं नाही," तो म्हणाला. "आणि ही डबी! हिच्यात गोळ्या ठेव खोकल्याच्या."

"बाबा, तुमच्या मशीनला आग लागायची."

"एकदाच लागली. आणि ती मी विझवली."

मग तो स्टुलावरूनच, अगदी सहज विचारल्यासारखं, म्हणाला, "दुसरा कुठला सिनेमा नाही का गं सापडला?"

सकाळपासून हा प्रश्न चौथ्यांदा आला होता. मुलीने मान वर केली. हा सिनेमा शोधायला तिने चार महिने घातले होते. मूळ निगेटिव्ह जळून गेली असंच सगळे धरून चालले होते. मग कुठल्याशा गोदामात एक प्रत सापडली, कुणी हौशी लोकांनी ती धुऊनपुसून नीट केली, आणि मुलीने त्यांना पंधरा पत्रं लिहून ती मिळवली. आत्याला पंच्याहत्तर पूर्ण झाली त्याची ही भेट होती. घरात या सिनेमाचं खरं नाव कुणी घेत नसे. 'स्टेशनचा सिनेमा' म्हटलं की पुरे.

"आत्याने आयुष्यभर ज्याच्या गोष्टी सांगितल्या तोच सोडून दुसरा दाखवू?"

"तसं नाही. पण जुनी प्रत, मध्ये तुटेल बिटेल."

"बाबा, ही फाइल आहे. ती कशी तुटेल?"

 ऑपरेटर स्टुलावरून खाली उतरला.

त्याची अडचण अशी होती. ताई, म्हणजे मुलीची आत्या, त्याच्याच थिएटरात तिकिटाच्या खिडकीत बसायची. शो सुरू झाला की उशिरा येणाऱ्यांसाठी वीस मिनिटं थांबायची, मग खिडकी लावून आत मागच्या रांगेत येऊन बसायची, आणि अकरावं रीळ संपलं की उठायची, कारण बाहेर पुढच्या शोची रांग लागलेली असायची. सत्तर ते सत्याहत्तर या काळात आलेला एकूण एक सिनेमा तिने पाहिला, आणि एकाचाही शेवट पाहिला नाही. शेवट सांगायचा तो धाकट्या भावाने, घरी जाताना, सायकल हातात धरून. आणि तोही बिचारा इमानेइतबारे जसाच्या तसा सांगायचा, कोण मेलं, कुणाला कोण सापडलं, खलनायक कुठल्या कड्यावरून पडला, सगळं. फक्त स्टेशनच्या सिनेमाचा शेवट त्याने खोटा सांगितला होता.

त्या सिनेमात एक थोरली बहीण असते. आईमागे तिने धाकट्या भावाला वाढवलेलं असतं. तिला एक माणूस आवडतो, तो दूर गावी निघालेला असतो, आणि ती जाईल की राहील यावर सगळा सिनेमा टांगलेला असतो. ताईने ज्या बुधवारी विचारलं, "त्या बाईचं पुढे काय होतं रे?", तेव्हा ताईच्या मागेही एक माणूस उभा होता, घरी लंगडे वडील होते आणि समोर सायकल धरलेला हा भाऊ होता. सिनेमातली बाई शेवटच्या रिळात गाडीतून उतरते आणि भावाकडे परत येते. ऑपरेटर म्हणाला, "जाते ती. गाडी सुटते, ती खिडकीतून हात हलवते, संपलं." ताई शुक्रवारी गेली. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात वडील वारले आणि ताई दोन तास उशिरा पोचली. तेव्हापासून ऑपरेटरच्या मनात हे कुसळ रुतून बसलं होतं. आपण खोटं बोललो नसतो तर ती वडिलांजवळ असती. आज चार-साडेचारच्या सुमाराला, पंच्याहत्तर वर्षांच्या बहिणीला, त्याच्याच घराच्या भिंतीवर, हे कळणार होतं.

दारावरची घंटा वाजली.

*

आत्या घरात शिरली की आधी तिचा आवाज शिरायचा. "बारक्या, पडद्याला काळी पट्टी लावलीस? मी यांना म्हटलंच होतं, लावल्याशिवाय राहणार नाही."

मागून तिचे यजमान, काका, आले, एकेका पायरीला शिव्या घालत. ते एकेकाळी सिनेमाच्या रिळांच्या पेट्यांबरोबर गावोगाव फिरायचे. प्रत नीट चालते की नाही, मालक परस्पर जादा शो लावत नाही ना, यावर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. स्टेशनचा सिनेमा घेऊन ते आले तेव्हा एका आठवड्यासाठी आले होते. सिनेमा सहा आठवडे चालला. पेटीवाल्याने सहाही आठवडे लक्ष ठेवलं, पण ते मुख्यतः तिकिटाच्या खिडकीवर, असं ऑपरेटर अजूनही चारचौघांत सांगत असे.

"काय दाजी, पेटी आणली नाही?"

"गुडघे आणलेत, ते काय कमी वजनाचे आहेत? लिफ्ट नसलेल्या घरात राहतोस आणि पाहुणे बोलावतोस."

मुलीला आत्या-काका फार आवडायचे. अठ्ठेचाळीस वर्षं ते एकमेकांना घालूनपाडून बोलत आले होते आणि एकमेकांशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. तिने आत्याला मधल्या खुर्चीत बसवलं, पायांखाली पाट दिला.

"आत्या, एक विचारू? तुमच्या त्या सिनेमात गोळी लागल्यावर माणूस पाच-पाच मिनिटं बोलत कसा राहायचा?"

"त्याला सांगायचं असायचं म्हणून. तुमचे आताचे पटकन मरतात. कुणाला काही सांगत नाहीत, बघणाऱ्याला चुटपुट."

"आणि भांडण सुरू व्हायच्या आधीच रिकामी खोकी रचून ठेवलेली असायची?"

"मग काय पाठ मोडून घ्यायची? काळजी असायची तेव्हा माणसाची." आत्याने डोळे मिटले. "त्या बायका फोनवर बोलताना वायर बोटाला गुंडाळायच्या बघ. नुसत्या वायरीवरून कळायचं, पलीकडे कोण आहे ते. आता वायरच नाही, तर अभिनय करणार कशाने? आणि पुरुषांच्या पॅन्टचे ते पायघोळ घेर! एक माणूस पायऱ्या उतरला की पायऱ्या झाडून निघायच्या."

"काकांचे होते तसे?"

"यांचा घेर माझ्या खिडकीतून आधी दिसायचा, मग हे."

"त्या घेरावरच भुललीस," काका म्हणाले.

"शिंप्याची किमया."

मुलगी हसता हसता वळली तेव्हा तिला दिसलं, बाबा हसत नव्हते. भिंतीजवळ, प्रोजेक्टरच्या मागे ते उभे होते, आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ऑपरेटर कधी बसत नसतो, म्हणाले.

*

सिनेमा सुरू झाला. इतकी वर्षं ज्या प्रतीवर रेघांचा पाऊस पडताना पाहिला होता ती एवढी लख्ख कशी झाली, याचंच पेटीवाल्याला नवल वाटत होतं. गवतसुद्धा हिरवं दिसत होतं. पूर्वी ते तपकिरी आहे असाच त्याचा समज होता.

पण त्याचं लक्ष पडद्यापेक्षा मेव्हण्यावर होतं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही. ऑपरेटरला तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं असतं. धुऊनपुसून नीट केलेल्या प्रतीतही ते ठिपके राहिले होते, आणि दर ठिपक्याला मागे भिंतीजवळ उभ्या असलेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाचा उजवा हात आपोआप वर जात होता. एक. दोन. पेटीवाला मोजत होता. मेव्हणाही मोजतोय, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

सातव्या ठिपक्याला ऑपरेटरने "इंटरव्हल!" म्हणून दिवा लावला. मध्यंतराशिवाय सिनेमा म्हणजे उचकीशिवाय रडणं, असं त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. चहा त्याने स्वतः करायला घेतला, आणि पेटीवाला मदत करतो म्हणून मागोमाग स्वयंपाकघरात गेला. त्याने जन्मात कधी कपसुद्धा विसळला नव्हता.

"दाजी," ऑपरेटर हळूच म्हणाला, "तुम्हाला या सिनेमाचा शेवट आठवतो?"

"बावीस गावं फिरलो मी ही पेटी घेऊन. झोपेत सांगेन."

"मग मी ताईला काय सांगितलं होतं, तेही ठाऊक असेल."

"लग्नाच्या रात्रीच सांगितलं तिने. 'ती बाई गेली ना, म्हणून मलाही धीर आला,' म्हणाली."

ऑपरेटरच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "आणि तुम्ही इतकी वर्षं तिला बोलला नाहीत?"

"मला काय वेड लागलंय?" पेटीवाला म्हणाला.

 पेटीवाल्याला मेव्हण्याविषयी एकदम माया दाटून आली. हा माणूस आपल्याला आयुष्यभर टोमणे मारत आला, आणि याच्याच एका थापेवर आपला संसार उभा आहे. आपणही तीच भीती पोटात घेऊन जगलो, हे याला कधी सांगितलं नाही. कधीतरी तिला कळेल आणि ती म्हणेल, मी तर राहिलेच असते.

"छातीत दुखतंय म्हणू का?" त्याने विचारलं.

"आत नर्स बसलीय. उताणं पाडून तपासेल."

"मग तूच काहीतरी कर. तू ऑपरेटर आहेस."

*

अकराव्या ठिपक्याला ऑपरेटरचा हात वर गेला, आणि त्याच क्षणी ताई खुर्चीतून उठली.

"मी जरा चहाचे कप विसळते."

ऑपरेटरला वाटलं, देव पावला. अठ्ठेचाळीस वर्षं झाली तरी तिच्या अंगातली सवय गेली नव्हती. घरी टीव्हीवर काहीही लागलं असलं तरी शेवटच्या अर्ध्या तासाला ती उठायचीच.

"आत्या, बस खाली," मुलगी म्हणाली. "आज खिडकी नाही उघडायची."

"अगं हो की." ताई हसली आणि परत बसली. "पायांना वाटलं, रांग लागलीय."

बारावं रीळ गेलं. तेरावं संपत आलं. पडद्यावर स्टेशन आलं, बाकावर बाई बसली, गाडी फलाटाला लागली. बाईने पिशवी उचलली, डब्यात चढली. उजव्या कोपऱ्यात ठिपका उमटला. ऑपरेटरचा हात वर गेला, आणि वर गेलेला हात खाली येताना त्याने प्रोजेक्टरची वायर पकडून खसकन ओढली.

खोलीत अंधार झाला.

"लाइट गेली," ऑपरेटर म्हणाला.

 सिनेमा मात्र बोलतच होता. आवाज लॅपटॉपातून येत होता, त्याला लाइटशी काही देणंघेणं नव्हतं. अंधारात गाडीने शिटी दिली आणि कुणीतरी चहा-चहा ओरडत गेलं.

"पंखा फिरतोय," बायको म्हणाली.

"जाईल हळूहळू तोही."

मुलीने सिनेमा थांबवला आणि दिवा लावला. "बाबा. प्लग तुमच्या हातात आहे."

ऑपरेटरने हाताकडे पाहिलं. होता.

"बारक्या," ताई म्हणाली. तिने मान वळवून आधी भावाकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे बघत होता. छताकडे बघणारा नवरा तिला चांगला ओळखीचा होता. "काय लपवताय रे दोघं?"

मग ऑपरेटरने सांगितलं. प्लग हातात धरूनच सांगितलं, उभ्या उभ्या, पडद्याकडे बघत. ती बाई जात नाही. गाडीतून उतरते आणि भावाकडे परत येते. मी तुला खोटं सांगितलं. तू जावंस म्हणून. "आणि मग बाबा गेले. तू दोन तास उशिरा आलीस. ते माझ्यामुळे झालं, ताई."

 नर्स नवऱ्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिला कधी कळली नव्हती, आणि तिला ओरडावं की जवळ जावं ते सुचेना.

ताईला आधी रागच आला. तो तिने लपवला नाही. "म्हणजे माझं काय व्हायचं ते तुम्ही दोघांनी ठरवलंत? एकाने थाप मारायची, दुसऱ्याने गप्प बसायचं? आणि मी मध्ये तिकिटं फाडत बसलेली!"

"मी काही केलं नाही," काका म्हणाले.

"तेच तर म्हणतेय. काही न करण्यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही." ती परत भावाकडे वळली, आणि त्याच्या तोंडाकडे बघून तिचा राग अर्ध्यावरच थबकला. हा तोच चेहरा होता, सायकल धरलेला. हा एवढं ओझं घेऊन अठ्ठेचाळीस वर्षं आपल्याला टोमणे मारत हिंडला. वेडा आहे अगदी.

"बारक्या, इकडे ये. त्या खिडकीच्या टेबलाखाली माझी पिशवी होती, आठवते? निळी."

"हो."

"ती मी मंगळवारी भरून ठेवली होती. तुला शेवट विचारला तो बुधवारी."

"मंगळवारी?" काका खुर्चीतच ताठ झाले. "मला तर शुक्रवार सकाळपर्यंत टांगून ठेवलंस! तीन दिवस जेवलो नाही मी!"

"एवढे दिवस ताटकळल्यानेच तर किंमत कळली तुम्हाला. गप्प बसा." ती भावाला म्हणाली, "मी जाणारच होते रे. सिनेमा बघून कुणी पिशवी भरतं का? मोठा आलाय माझं नशीब लिहिणारा."

"मग मला विचारलंस कशाला?"

 "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. सरळ विचारलं असतं, मी जाऊ का, तर तू म्हणाला असतास, तुझं तू बघ. तुझा स्वभाव. पण सिनेमाचं विचारलं की तू मनापासून बोलायचास. म्हणून त्या बाईचं विचारलं. तू म्हणालास, जाते ती. मला वाटलं, सिनेमाच तसा आहे, नशीब माझं. तू स्वतःच्या मनाने म्हणालास हे आज कळतंय." तिचे डोळे भरले, आणि ते तिने पुसलेही नाहीत. "बाबांना गाठता आलं नाही ते माझं मी भोगलं. ते तुझ्या वाटणीचं नाही. आण ते इकडे."

 मुलीने ऑपरेटरच्या हातातून प्लग काढून घेतला.

"पण एक राहिलंच," ताई म्हणाली. "मी निघाले त्या दिवशी तू खाली आला नाहीस."

"रीळ चालू होतं."

"खोटं," काका म्हणाले. "आम्ही थिएटरसमोरच बसमध्ये बसलो तेव्हा आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या. याने रीळ बदललंच नव्हतं. पडदा पांढरा पडला होता. उभ्या नोकरीत एकदाच पडला, त्या दिवशी."

"दाजी, तुम्हाला कुणी विचारलं?"

"आता सगळंच सांगून टाकतोय, तर हेही राहायला नको."

नर्स उठली, तिने एक खुर्ची ओढून ताईच्या शेजारी ठेवली आणि नवऱ्याचा खांदा धरून त्याला तीत बसवलं. "ऑपरेटर बसत नसतो" असं तो पुटपुटला, पण बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो प्रेक्षकांत बसला होता, आणि पाय कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. मुलीने दिवा घालवला.

चौदावं रीळ सुरू झालं. गाडीने झटका दिला. बाई खिडकीशी बसली होती, समोर तो माणूस होता. फलाट मागे सरकायला लागला. मग तिने पिशवी घेतली, दाराशी आली आणि चालत्या गाडीतून उतरली. संगीत भरून आलं. त्या काळातलं संगीत, सगळी वाद्यं एकदम. ती रिकाम्या फलाटावरून घराच्या दिशेने निघाली.

"अगं, जा ना वेडे," ताई पडद्याला म्हणाली. तिने अंधारात भावाचा हात धरला होता. "उतरलीस कशाला? तो सांभाळेल स्वतःला."

बाई चालतच राहिली. ऑपरेटरने नाक ओढलं.

"सांभाळलं ना," तो म्हणाला.